लव्हाळ्यामागचा कोपरा

तळ्यावर त्याला सगळे टेहळ्या म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. परगावच्या हौशी लोकांना होडीतून न्यायचं, मासा कुठे लागेल ते दाखवायचं, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. पण निम्मं लक्ष मागून कोण येतंय याकडे. लव्हाळ्यामागचा एक कोपरा त्यानंच हुडकला होता. अंडी घालायला मोठाल्या माद्या तिथे येत. पकडलेली मादी फोटो काढून परत सोडायची, हा त्याचा दंडक. एका शहाण्यानं एक मादी पिशवीत घातली, तर त्याला भर सकाळी काठावर उतरवून दिलं होतं.

यंदा मात्र कोपरा रिकामा पडत चालला. लागोपाठ तीन गिऱ्हाइकं हात हलवत परत गेली, तेव्हा टेहळ्याच्या मनात पाल चुकचुकली. असंच चाललं तर धंदा गुंडाळावा लागला असता. आणि संशय कुणावर, तर सख्ख्या मेहुण्यावर. गेल्या वर्षी टेहळ्यानंच त्याला धंद्यात आणलं, आणि आता तो रोज दुपारी एकटाच तिकडे जातो म्हणे. बायकोला बोलून दाखवलं, तर तिनं दोन दिवस अबोला धरला.

तिसऱ्या दुपारी टेहळ्या लव्हाळ्यात दबा धरून बसला. मेहुणा आला. गळ नाही, नुसतं हातजाळं. पाण्यातून एक मादी उचलून त्यानं गोणीत टाकली, मग दुसरी. टेहळ्यानं होडी आडवी घातली आणि गोणी हिसकावून घेतली. आतल्या सगळ्या माद्या मरून फुगलेल्या.

"तुम्हीच सोडलेल्या आहेत भाऊजी," मेहुणा खाली बघत म्हणाला. "फोटो होईपर्यंत उन्हात धरता. पोहत जातात, पण जगत नाहीत. तुमच्या गिऱ्हाइकांना दिसू नयेत म्हणून उचलतो."

टेहळ्याचा विश्वास बसला असता तर तो टेहळ्या कसला! चोर सापडला की गोष्टी रचतो, असं पुटपुटत तो घरी गेला. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला मादी लागली. त्यानं ती मांडीवर घेतली, मग उंच धरली, मग टोपी काढून पुन्हा. नेहमीसारखी सोडली आणि पुढे चला म्हणाला. टेहळ्यानं होडी हलवली नाही. तो पाण्यात बघत बसला. तासाभरानं मादी लव्हाळ्यापाशी वर आली, पोट आभाळाकडे करून.

"मेली का हो?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"मारली," टेहळ्या म्हणाला. "मी मारली."