बुंदीसाठी बाबांनी दक्षिणा मागितली

आमच्या बुंदी मांजरीला कॅन्सर आहे. सकाळी डॉक्टरांनी केमोचा खर्च सांगितला, तेव्हा माझा चेहराच उतरला.

बाबा ब्रह्मा घाटावर पौरोहित्य करतात. यजमानांनी दक्षिणा विचारली की आजवर एकच उत्तर, "यथाशक्ती द्या." आईच्या ऑपरेशनच्या वेळीही त्यांनी आकडा सांगितला नव्हता.

आज दुपारी पुण्याच्या यजमानांनी विचारलं, तर बाबांनी सरळ केमोची रक्कम सांगितली. वर म्हणाले, "घरात मांजर आजारी आहे, खोटं कशाला बोलू?" यजमानांनी लगेच तेवढे पैसे दिले.

आई म्हणाली, "माझ्या वेळी नाही सुचलं हे."

बाबा म्हणाले, "तू हवं ते भांडून घेतेस गं. हिच्यासाठी कोण मागणार?"

तुमच्याकडे कुणी कुणासाठी असा जन्माचा नियम मोडलाय का?