आईची पाचवी मूठ

मंडळी, दुपारपासून सुन्न बसलोय.

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतला, पांडेसऱ्यात राहायचो. मूळचे खान्देशी. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. पप्पा, दोन काका, भाऊ, असे चौघे. आई मात्र दरवर्षी पाच वेळा घ्यायची.

मी तेव्हा घरातली मुलगी होतो. ऑटिस्टिक आहे हे पस्तिशीत कळलं. तेव्हा सगळे नुसतं 'येडी' म्हणायचे. मोजणीत चूक झाली की मला सहनच व्हायचं नाही. "आई, एक जास्त झाली!" म्हणून मी किंचाळायचो. मोठे काका थोबाडीत द्यायचे. आई ती मूठ काही परत काढायची नाही.

आज फोनवर एकदाचं सांगून टाकलं, "आई, मी मुलगी नाही. मुलगा आहे."

ती शांतपणे म्हणाली, "माले माहीत शे. ती पाचवी मूठ तुनीच व्हती."

मी चिडलोच. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुना काकासमोर?"

तुमच्यापैकी कुणाला घरच्यांनी असं गुपचूप ओळखलं होतं का? मी तीस वर्षं आईपासून लपत होतो, आणि ती मला देवीपुढे मोजत होती.

आणि दरवर्षी मीच ओरडत होतो, एक जास्त आहे म्हणून.