मोहित्यांच्या घरातली तंबाखूबंदी

हवालदार पराग मोहिते याच्या हाताला चव होती, आणि हे अख्ख्या पलटणीला मान्य होतं. स्वयंपाकाशी मात्र त्या हाताचा काडीचा संबंध नव्हता. पराग तंबाखू मळायला बसला की आसपासचे जवान आपापल्या डब्या खिशातच ठेवून त्याच्याकडे सरकायचे. तळहातावर अंगठ्याने घोटायची, चुना बेताचा लावायचा, टाळी मारून धूळ उडवायची आणि हात पुढे करायचा. पहिली चिमूट सुभेदारसाहेबांची, मग बाकीच्यांची, उरलीसुरली स्वतःची. तिथे एकट्याने बार भरणारा माणूस कंजूस ठरतो आणि पुढे आलेला हात नाकारणारा शिष्ट. पराग यातला कोणीच नव्हता, त्यामुळे दिवसभर त्याच्या खालच्या ओठात काही ना काही असायचंच.

आता गंमत अशी, की पराग होता पलटणीचा बिगुलर. पहाटे सगळ्यांना अंथरुणातून ओढून काढायचं, संध्याकाळी झेंडा उतरवताना वाजवायचं, आणि एखादा साथीदार तिरंग्यात गुंडाळून निघाला की त्याला शेवटची सलामी द्यायची, हे त्याचं काम. ते तो मन लावून करायचा. पण रंगरूट असताना त्याच्या उस्तादाने त्याला एक चिमूट देऊन सांगितलं होतं, "इससे होंठ जागता है." तेव्हापासून बिगूल हातात घेण्याआधी चिमूट, मग चूळ, मग बिगूल, असा क्रम पडून गेला. चिमटीशिवाय वाजवलेला एकही सूर त्याच्या अठरा वर्षांच्या नोकरीत नव्हता. ओठ त्या चिमटीमुळेच वाजतो अशी त्याची पक्की खात्री होती.

आणि नेमक्या त्याच ओठाच्या आत पांढरा चट्टा उठला.

पलटणीच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण कॅप्टनबाई होत्या. त्यांनी टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं. "मुँह खोलिए. और. और खोलिए."

"इतना ही खुलता है साब."

"हवालदार साहब, ये सफेद दाग अभी तंबाकू छोड़ने से जा सकता है. नहीं छोड़ा, तो बाद में होंठ का टुकड़ा काटना पड़ेगा. फिर फूँकोगे किससे?"

सुट्टीवर घरी जा, तंबाखू बंद कर, परत आल्यावर दाखव, चट्टा तसाच असला तर बिगूल दुसऱ्याकडे जाईल, असं बाईंनी साफ सांगितलं. बिचाऱ्याची पंचाईत त्यांना कुठून कळणार? तंबाखू चालू ठेवली तर ओठ जाणार, आणि सोडली तर ओठातला सूर जाणार. दोन्हीकडून बिगूलच हातचं जात होतं. आणि बिगुलाशिवाय पराग मोहिते म्हणजे नुसता तंबाखू मळणारा हवालदार, हे त्याला स्वतःलाच कबूल होतं.

पराग आपल्या गावी, उज्जैनला उतरला तेव्हा दिलीप रिक्षा घेऊन देवास गेटच्या बसस्टँडवर हजर. दिलीप शाळेपासूनचा दोस्त. पराग सुट्टीवर आला की घरापर्यंत सोडायचं भाडं तो घेत नसे, पण तंबाखू मात्र खिलवल्याशिवाय किक मारत नसे. त्या दिवशीही त्याने आधीच मळून ठेवली होती.

"लो भिया, पेले बार लगाओ. फिर घर चलेंगे."

"छोड़ दी यार."

दिलीपने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू परागने फौज सोडली. "अरे पण दो आदमी का मला है! इसका क्या करूँ?"

मळलेली तंबाखू फेकणं दिलीपच्या धर्मात बसत नव्हतं. त्याने दोघांची चिमूट एकट्याने ओठात कोंबली, आणि परागची कॉलनी, माधव नगर, येईपर्यंत उचक्या देत रिक्षा चालवली. प्रत्येक उचकीला रिक्षा हिसका खायची आणि दिलीप मागे वळून म्हणायचा, "तेरे कारण."

घरी परागची आई रजनीताई आणि बायको गौरी वाट पाहत होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकून आईने डोळ्याला पदर लावला, आणि लगेच भाषण सुरू केलं. भाषण चांगलं दणदणीत होतं. मोहित्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या पदरी होते, तोफखाना सांभाळायचे, आणि त्यांचा वंशज एका चिमटीपुढे हार मानतो? "मनाचा निश्चय लागतो रे पराग. आदमीने एकदा ठरवलं नं, की ते सोडूनच दाखवावं. मला बघ, आहे का मला कुठलं व्यसन?"

गौरीने त्याच्या खिशातून डबी काढून घेतली, बॅग उलटी केली, बुटात हात घातला. डाव्या बुटात एक पुडी निघाली. "ही सोबत राहू दे, नुसती धीराला," पराग म्हणाला. गौरीने ती पण जप्त केली.

पुढचे काही दिवस घराचे हाल झाले. पराग उजाडायच्या आत उठायचा आणि काय करावं ते न सुचून स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे करायचा. चहाची साखर सापडेनाशी झाली. त्याने सगळ्यांच्या चपलांना पॉलिश केलं, आईच्या रबरी चपलेलासुद्धा. तोंडात काहीतरी हवं म्हणून बडीशेप खाल्ली, लवंग चघळली, ज्येष्ठमध चोखून पाहिला. तिखट लौंग सेव खायला गेला तर तोंडाची अशी आग झाली, की डोळ्यांतून पाणी आलं. माळव्यात जन्म घ्यायचा आणि सेव खाता येऊ नये! त्या दिवशी तो खरोखर घाबरला. रात्री गौरीला म्हणाला, "ओठ तर बिघडलाच आहे. आता वाजणार पण नाही बघ." गौरी त्याची पाठ थोपटत राहिली.

अशातच एका सकाळी तो अंगणात जोर मारत असताना मागच्या गॅलरीतून वास आला. खमंग, कडवट, ओळखीचा वास. त्याचे हात जागीच थांबले. वासामागे वासामागे तो गॅलरीत पोचला, तर आई छोट्या स्टोव्हवर जुना तवा ठेवून काहीतरी काळं काळं भाजत बसली होती.

"आई, हे काय आहे?"

"मशेरी. संपली होती."

"मशेरी म्हणजे कशाची?"

"कशाची म्हणजे? पान भाजायचं, कुटायचं, दाताला लावायचं."

"कशाचं पान?"

रजनीताईंनी तव्यावरची काळी पूड परत एकदा हलवली. "आता कशाचं असणार? तंबाखूचंच नं."

आणि इथे सांगायला हवं की बाई खोटं बोलत नव्हत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या सकाळी, दुपारी जेवण झाल्यावर, आणि जीव जड झाला की अधेमध्ये, मशेरी लावून बसायच्या. त्यांच्या सासूने लावली, सासूच्या सासूने लावली. तंबाखू पुरुषांनी खायची असते. मशेरी दातांसाठी असते. दोन्हींचं पान एकच आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ते दोन विचार आजवर त्यांच्या डोक्यात समोरासमोर आलेच नव्हते.

"म्हणजे मला भाषण देत होतीस तेव्हा..."

"मी खाते का? मी थुंकते!"

"मी पण थुंकतोच की."

"तू तास तास धरून बसतो. माझं काय, दहा मिनटाचं काम." मग त्यांना स्वतःलाच ते दहा मिनिटांचं काम दिवसातून किती वेळा होतं ते आठवलं असावं, कारण चेहरा उतरला.

पराग हसला नाही. आईच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "दाखव, ओठ दाखव तुझा." त्यांनी मुकाट्याने ओठ खाली ओढला. पांढरं काही नव्हतं, पण हिरड्या काळ्या पडल्या होत्या. "सोड नं आई," तो म्हणाला. आवाजात हवालदारी अजिबात नव्हती.

रजनीताई उठल्या, तवा उचलला आणि भाजलेली पूड मोरीत ओतली. उरलेल्या पानांची डबी गौरीकडे देऊन टाकली. "चल. तू पण नाही, मी पण नाही. बघू तोफखाना कोणाचा आधी थंड पडतो."

आता घरात दोन रुग्ण झाले. आईचं डोकं दुखायचं, पोट साफ होईना, आणि त्या दोन्हींचा राग त्या भांड्यांवर काढायच्या. पराग म्हणायचा, "आई, निश्चय लागतो," आणि त्याच्या दिशेने झारा यायचा. दोघं एकमेकांवर पाळत ठेवून असत. तो बाथरूममध्ये जास्त वेळ रमला की त्या दार वाजवायच्या; त्या शेजारी चारुलताकाकूंकडे निघाल्या की हा सोबत जायचा. चारुलताकाकूही मशेरी लावतात हे त्याला आता कळलं होतं. गल्लीतल्या बायकांना वाटलं, सुट्टीवर आला तरी मुलगा आईला किती जपतो.

एका दुपारी गौरी झोपली आहे असं पाहून पराग स्वयंपाकघरात स्टूलावर चढला. जप्त माल कुठेतरी वरच्या फळीवर असणार असा त्याचा अंदाज होता. हात आत घालून चाचपत असतानाच खाली पावलं वाजली. पाहतो तर आई, हातात दुसरं स्टूल घेऊन.

परागने हात पटकन बाहेर काढला.

"मी जिरं बघत होतो," पराग म्हणाला.

"मी पण जिरंच," आई म्हणाली.

"जिरं खाली आहे," दारातून गौरी म्हणाली. "पहिल्याच दिवशी उंचीप्रमाणे लावलंय नं तुम्ही. आणि त्या डब्या वर नाहीत. दोन्ही मी कचरागाडीत दिल्या." आधी रजनीताईंना हसू फुटलं, मग परागला, आणि हसता हसता त्याला स्टूलावरून उतरता येईना. त्या दिवसानंतर शोधाशोध थांबली.

पण रजनीताईंचं तोंड रिकामं असलं की ते बोलायला मोकळं असायचं. मंदिरात, भाजीवाल्याकडे, जिथे जातील तिथे त्यांनी सांगून टाकलं, की यंदा सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या मैदानात झेंडावंदनाला आमचा पराग बिगूल वाजवणार. परागला हे सगळ्यात शेवटी कळलं. तोवर कॉलनीचे सेक्रेटरी एका शाळेच्या बँडमधून बिगूल मागून घेऊन आले होते.

"आई, कोणाला विचारून सांगितलंस?"

"विचारायचं काय त्यात? वाजवतोस नं तू?"

वाजवतो का, हाच तर प्रश्न होता. डॉक्टरांकडे दाखवायची तारीख अजून लांब होती, पण परागला तिची धास्ती नव्हती. धास्ती या मैदानाची होती. त्याने आजवर घरात एकदाही बिगूल तोंडाला लावून पाहिलं नव्हतं. न वाजलं तर काय, हे त्याला कळून घ्यायचं नव्हतं.

सव्वीसला सकाळी बोचरी थंडी होती. पराग गणवेश घालून मैदानाच्या कडेला उभा होता आणि ओठ नुसता बधिर लागत होता. दिलीप हळूच जवळ आला. मूठ उघडली. मळलेली, बेताच्या चुन्याची, धूळ उडवलेली.

"बस आज के लिए, भिया. किसी को नहीं बोलूँगा. अम्मा को भी नहीं."

परागने चिमूट घेतली. हो, घेतली. बोटांत धरून वास घेतला. समोर खुर्चीवर आई शाल गुंडाळून बसली होती आणि शेजारणीला काहीतरी सांगत होती, त्याचंच असणार. आज ही लावली, तर उद्याही हीच लागेल, आणि परवा डॉक्टर ओठ कापतील. न लावता जर नाही वाजलं, तर निदान लबाडी तरी नाही. त्याने चिमूट दिलीपच्या मुठीत परत ठेवली. दिलीपने यावेळी काहीच कुरकुर केली नाही.

झेंडा फडकला. परागने बिगूल लावलं आणि फुंकलं. नुसती हवा निघाली, फस्स करून. मागे कोणीतरी खोकलं. त्याने ओठ ओला केला, छाती भरून घेतली आणि पुन्हा फुंकलं. सूर निघाला. आधी जरा किरटा, मग भरत गेला, आणि सलामी शेवटपर्यंत वाजली. दोनदा मध्ये थरथरली, ते त्याला कळलं. बाकी मैदान सरळ उभं होतं.

सुट्टी संपल्यावर कॅप्टनबाईंनी टॉर्च मारून पाहिलं, चट्टा फिका पडला होता. तंबाखू अशीच बंद ठेवा म्हणाल्या आणि बिगूल त्याच्याकडेच राहिलं. पण त्याला विचारलं तर तो सांगतो, निकाल माधव नगरच्या त्या मैदानातच लागला. कारण त्या सकाळी झेंडावंदन संपलं, लोक बुंदीच्या लाडवांकडे वळले, आणि तो आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आज नाही जमलं आई. मध्ये दोनदा हललं. पहिल्यासारखं नाही वाजलं."

रजनीताईंचे डोळे भरले होते. त्यांनी त्याचा गाल धरला.

"पहिल्यासारखं म्हणजे कसं रे? मला काय माहीत? इतकी वर्षं तुझी पलटण ऐकत होती. मी तर आजच ऐकलं."

ही गोष्ट परागच्या कधी मनातच आली नव्हती.

"आता परत एकदा वाजव," त्या म्हणाल्या. "या लोकांसाठी नको. माझ्यासाठी."

त्याने ओठ पुसला आणि पहिल्यापासून वाजवलं.