आप्पांचा पटका

पाऊस दगा द्यायचा तेव्हा आमचं घर आटपाडीत नसायचंच. मेंढरांमागं परमुलखात, कुणाच्या तरी रानात असायचं. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ते माझ्या चुलत्यामुळं, आप्पांमुळं. "पोरगी शिकंल. ज्याला अडवायचंय त्यानं म्होरं यावं," असं आप्पा पटका बांधता बांधता म्हणाले. कुणी आलं नाही.

पटका लाल. दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही.

किडन्या गेल्या, सांगलीला डायलिसिस सुरू झालं, तरी पटका ताठ होता. मग उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली, दगडासारखी टणक. हात कानाच्या वर जाईना. चुलती म्हणाली, "मी बांदते की."

"मी काय नवरदेव हाय व्हय?" म्हणाले आणि बोडक्यानं हिंडायला लागले. आमच्यात बोडकं डोकं दिसलं की लोक सुतक समजतात. कोण गेलं, असं विचारायचे. "अजून कोन न्हाई. मी तर न्हाईच."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठीत कॅल्शियम साठलंय. आप्पांनी कॅल्शियम म्हणजे चुना असं धरलं आणि तंबाखूची चुनाळी एसटीच्या खिडकीतून भिरकावली. गाठ तशीच. बाईंनी मग समजावलं, "रक्तात फॉस्फरस वाढलाय. तो कॅल्शियमला धरून मांसात बसतो. दूध किती पिता?"

"तांब्याभर. आवं, धनगराला दूध तोडाया सांगता?"

"गाठ घालवायची असली तर."

"तोडलं."

पाव्हणे दुधाची वाटी पुढं करायचे, ताकद येईल म्हणायचे. "तुमची ताकद माझ्या खांद्यात दगुड हून बसलीया. ठेवा ती वाटी."

फॉस्फरस अडवणारी गोळी घासाबरोबरच चावायची होती. जेवण झाल्यावर नाही. आप्पांना ते लगेच पटलं. "मेंढरं गेल्यावर कुत्रं सोडून काय उपेग?" तेव्हापासून गोळीचं नावच कुत्रं. एका लग्नाच्या पंगतीत ते ओरडले, "माझं कुत्रं आन गं!" शेजारच्यानं पाय वर घेतले.

बाईंनी डायलिसिसचा वेळही वाढवला. आप्पा कुरकुरले, पण एकदाही उठून गेले नाहीत. गाठ हळूहळू विरत गेली.

किडन्यांनी शेवटी त्यांना नेलंच. पण त्याआधी माझ्या पदवीदानाला ते सांगलीला आले. पटका जरा तिरका होता. मी नीट करायला गेले, तर हात झटकला.

"हात न्हाई लावायचा."

तो त्यांनी स्वतःच्या हातानं बांधला होता.