‘नंतर’चं वावडं

‘नंतर’ या शब्दाचं इतकं वावडं असलेला माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही. माझे साडू धायरीला राहतात, एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी. करायला बसले. विषय विचारायची चूक मी एकदाच केली. काचेच्या तारेतून माहितीची पाकिटं उजेडाच्या रूपात धावतात. चौकात दोन एकदम आली तर कुणाला पुढे सोडायचं आणि त्यापायी बाकीची किती बुडतात, याचं गणित ते मांडत होते. “मग दुसऱ्यानं थांबावं की जरा,” मी म्हणालो. त्यांना माझी कीव आली. “अहो, उजेड थांबतो का कुठे? त्याला ठेवायला जागाच नाही. फार तर तारेचा एखादा वेढा जास्त फिरवता येतो. तिथे नंतर म्हणजे गेलं!”

हे गणित त्यांनी घरातही आणलं. नातेवाइकांचे वर्ग पाडून कागद फोनशेजारी चिकटवला. पहिल्या वर्गाचा फोन आंघोळ अर्धवट टाकून घ्यायचा, तिसऱ्याचा घ्यायचाच नाही. सख्खा भाऊ तिसऱ्यात होता! नारायण पेठेतल्या एका लग्नात वाढपी “जिलबी नंतर आणतो” म्हणाला, तर हे हात धुऊन मोकळे. मेहुणी म्हणायची, “यांच्याशी भांडायची चोरी. म्हणतात, आत्ता भांड, नाहीतर बुडालं.”

गेल्या वर्षी त्यांची तोंडी परीक्षा ठरली. “तुम्हाला समजलं तर कुणालाही समजेल,” असं म्हणत तासभर तालीम ऐकायला बोलवण्यासाठी त्यांनी मला तीनदा फोन केला. मी तिन्ही वेळा म्हणालो, “नंतर बघू.” काम काही नव्हतं, नुसता कंटाळा. परीक्षेच्या दिवशी परीक्षक म्हणाले, “सूत्रं राहू द्या, सोप्या शब्दांत सांगा.” साडू फळ्याकडे बघत उभे राहिले. प्रबंध परत आला, तो त्यांनी पुन्हा दिलाच नाही. कॉलेजातल्या मंडळींना मात्र चहाबरोबर चघळायला विषय मिळाला. हे सगळं मेहुणीनंच मला सांगितलं आणि फोनशेजारचा तो कागदही दाखवला. पहिल्या वर्गात त्यांच्या आईच्या खाली माझं नाव होतं. लाज वाटली, आणि स्वतःचा रागही आला.

परवा मुद्दाम धायरीला गेलो. म्हटलं, “साडूभाऊ, ते उजेडाचं पुन्हा सांगा ना. आज मला वेळच वेळ आहे.”

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

“सांगू की,” ते म्हणाले. “नंतर.”