चिमीच्या वॉर्डातली आई

माझी नणंद चिमी नर्स आहे, आणि तिच्याबद्दल कुणी 'सेवाभावी' हा शब्द काढला की माझं डोकं फिरतं. सेवाभावी म्हणे! सरळ म्हणा ना, कमी पगारात राबणारी. केस पांढरे व्हायला लागले तरी बाई कंत्राटीच. दरवर्षी करार संपतो आणि दरवर्षी ही मेट्रनच्या दारात उभी. त्याच हॉस्पिटलातला लिफ्टवाला कायम आहे, पगारही हिच्यापेक्षा जास्त. "तो माणसांना वर नेतो, मी वर जाऊ देत नाही. अवघड काम त्याचंच," असं म्हणून ती स्वतःच हसायची.

तिचं लग्न जमलं नाही. बघायला येणाऱ्यांना मुलगी पसंत पडायची, रात्रपाळी पडायची नाही. शेजारच्या काकूंनी तर तिला तोंडावर विचारलं होतं, "पुरुषांचंही सगळं करावं लागत असेल ना गं?" पुढे काकू स्वतः आजारी पडल्या तेव्हा रोजचं इंजेक्शन द्यायला त्यांना चिमीच लागली, आणि तेही फुकटात. मी म्हणायचे, पैसे माग. ती म्हणायची, "जाऊ दे गं वहिनी."

मग माझ्या सासूबाईंचं, म्हणजे चिमीच्या आईचं, हृदय थकलं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत होती, म्हणून त्यांना चिमीच्याच वॉर्डात ठेवलं. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चिमीला फक्त एवढंच हवं होतं, की ते दिवस आईजवळ बसायला मिळावेत. तिनं रजा मागितली. मेट्रन म्हणाली, "आई इथेच, तूही इथेच. मग रजा कशाला?" करार संपत आला होता. चिमीनं अर्ज परत घेतला.

वॉर्ड गच्च भरलेला, जमिनीवरही गाद्या, आणि नर्स ही एकटी. जोडीची मुलगी नोकरी सोडून गेली होती आणि तिची जागा कुणी भरली नव्हती. मी डबा घेऊन गेले की सासूबाई म्हणत असायच्या, "चिमे, बस ना जरा." ही म्हणायची, "एवढी सलाईन लावून आलेच, आई." सलाईन लागेपर्यंत दुसरीला उलटी, तिसरीला बेडपॅन. ड्यूटी संपल्यावर स्टूल ओढून बसली तर बसल्याबसल्या झोपून जायची. सासूबाई तिच्याकडे बघत राहायच्या आणि मला खुणेनं सांगायच्या, उठवू नकोस. मला रडू यायचं आणि रागही यायचा, पण राग काढायचा कुणावर?

एका दुपारी भेटीच्या वेळी वॉर्डात नुसता गलका होता. सासूबाईंना धाप लागली होती. चिमी त्यांचा ऑक्सिजनचा मास्क नीट करायला वाकली, तसा त्यांनी तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा ओरडला, "ओ सिस्टर, केव्हाच्या हाका मारतोय! पगार कशाचा घेता?"

चिमीनं मान तिकडे वळवली. आणि दिवसभर वॉर्डातल्या प्रत्येक म्हातारीला म्हणते तसं, त्याच गोड आवाजात म्हणाली, "आजी, हात सोडा बघू. बाकीचे पण पेशंट आहेत ना?"

सख्ख्या आईला! मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. सासूबाईंनी लगेच हात सोडला. मास्कच्या आतून म्हणाल्या, "बरं, सिस्टर." रागावून नाही की रुसूनही नाही. शहाण्या पेशंट म्हणतात तसं.

चिमी त्या बाईच्या सलाईनची सुई नीट करत होती तेवढ्यात सासूबाईंची मान कलली. मी हाक मारली. ती धावत आली, छाती दाबत राहिली, डॉक्टर आले, सगळे उपाय करून झाले. मग आमचे हे व्हरांड्यात सगळ्यांदेखत बहिणीवर ओरडले, "नर्स असून तुझा उपयोग काय?" मी त्यांना तिथल्या तिथे झापलं. चिमी आईच्या नळ्या काढायला आत गेली.

रजा मंजूर झाली ती आई गेल्यावर. ती संपली त्या संध्याकाळी चिमी युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "वहिनी, मी हात सोड म्हटल्यावर आई काही बोलली का गं?"

माझी जीभ एरवी कुणाचं ऐकत नाही. त्या दिवशी मात्र तिनं माझं ऐकलं. मी म्हटलं, "'जा चिमे, लवकर ये' म्हणाल्या."

तिनं कॉलर उलटी केली, तिच्यावरून नीट इस्त्री फिरवली.

"आईचं 'बरं, सिस्टर' मी ऐकलं होतं, वहिनी," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला तरी ऐकू आलं नसेल."