दोन तिकिटांचं पाकीट

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात दिगंबर बाबूजींचं घर विचारायचं झालं तर नाव सांगायची गरज नाही. "ते ऑक्सिजनवाले काका" म्हटलं की भाजीवालीसुद्धा बोट दाखवते. बाहेरच्या माणसाला वाटावं, कोरोनाच्या त्या वाईट काळात यांनी गल्लोगल्ली सिलिंडरं पोचवली असतील. छे हो. यांनी फक्त चौकशी केली. कुणाचा ऑक्सिजन किती, एवढीच.

बत्तीस वर्षं बाबूजींनी कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर बसून गाठी तोलल्या आणि उरलेल्या वेळात पोस्टाची तिकिटं जमवली. त्यातही खास शौक संस्थानं विलीन झाली त्या दोन-तीन वर्षांचा. राजे गेले होते, नवं सरकार आलं होतं, पण पोस्टाच्या पेटीला ते अजून नीट कुणी सांगितलं नव्हतं, अशा दिवसांतला कागद दिसला की बाबूजींचा हात थरथरायचा. लग्नात सप्तपदीला तो एवढा थरथरला नव्हता, असं सुनंदाबाई सांगतात. तोच हात धरून त्या चालल्या होत्या, तेव्हा साक्ष पक्की.

घरात अकरा अल्बम. लोखंडी कपाटात, डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात. सुनंदाबाईंच्या शालूला त्यातली एक गोळी कधी मिळाली नाही. शालू कसरीनं खाल्ला, अल्बम शाबूत. अकराव्या अल्बमच्या शेवटच्या पानावर मधोमध एक चौकोन आखलेला, आणि रिकामा. खाली झोकदार अक्षरात लिहिलेलं, "उज्जैन ते बऱ्हाणपूर, १९४९". त्या चौकोनात बसायची वस्तू होती गावातल्याच शनवाऱ्यात, गिरधर कापडवाल्याच्या तिजोरीत.

ते एक पाकीट होतं. उज्जैनच्या कुण्या मुनीमानं बऱ्हाणपूरच्या जरीवाल्याला धाडलेलं. आता कुणाचं तिकीट चालेल याचा बिचाऱ्याला भरवसा नसावा. त्यानं एका कोपऱ्यात ग्वाल्हेर संस्थानाच्या छापाचं तिकीट डकवलं आणि शेजारी साधं भारताचं. दोन्हींवर शिक्के. हे पाकीट चौऱ्याऐंशी साली रद्दीच्या ढिगातून निघालं, तेव्हा दिगंबर आणि गिरधर दोघंही ढिगात कोपरापर्यंत होते. शाळेपासूनचे दोस्त. भांडण नको म्हणून नाणं उडवायचं ठरलं. गिरधरनं नाणं उडवलं, झेललं, मनगटावर थापलं आणि पाकीट घेऊन गेला. दिगंबरचं म्हणणं एवढंच, की थापताना त्यानं नाणं उलटं केलं. "मी डोळ्यांनी पाहिलं, भो." हे वाक्य लोधीपुऱ्यातल्या पोरांनी पाळण्यात ऐकलंय. गिरधर नुसता हसायचा. पुढे त्या दोघांत बोलणं राहिलं ते फक्त लिलावात.

लिलाव म्हणजे फोनवरचा. खंडव्याच्या वसंतनं व्हॉट्सॲपवर छंदवाल्यांचा ग्रुप काढलेला. दर रविवारी सकाळी अकराला तो वस्तूचा फोटो टाकायचा, मग बोली. आधी कुणी "बस", कुणी "आऊट", कुणी "माझं नाही" असं लिहायचं आणि नंतर मी सोडलंच नव्हतं म्हणून भांडायचं. तेव्हा वसंतनं नियम केला: बोली सोडायची असेल त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकायचं. हात जोडले की सुटला. बाबूजींना हा नियम फार आवडला, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि कोरोनामुळे ऑपरेशन पुढे पुढे ढकललं जात होतं. फोनवरची अक्षरं दिसेनात. पिवळे हात तेवढे कळत. मजकूर सुनंदाबाई वाचून दाखवायच्या, आणि बाबूजी बोली बोलून पाठवायचे.

पहिल्या टाळेबंदीत ग्रुपला भलतीच रौनक आली. घरी बसलेली माणसं, फोन हातात; ज्यांना तिकीट कुठल्या बाजूनं चाटायचं ठाऊक नव्हतं तेही बोली लावू लागले. फुटकळ मालाला सोन्याचा भाव. बाबूजी चरफडत बसले. मग दुसरी लाट आली आणि पारडं फिरलं. घेणारे पांगले, विकणारे वाढले. कुणाच्या घरी पेशंट, कुणाच्या घरी फोटोला हार. आयुष्यभर कुणाला हात लावू न दिलेले अल्बम त्यांची मुलं फटाफट विकायला काढू लागली. बाबूजींचा चेहरा पिकल्या केळ्यासारखा खुलला. सकाळी चहा झाला की ते फोन घेऊन बसायचे. जळगाव, खंडवा, बहादरपूर, जिथे जिथे छंदवाला आजारी, तिथे फोन. "काय, आज ऑक्सिजन किती?" मोठ्या मायेनं विचारायचे. ब्याण्णव सांगितलं तर "काळजी घ्या." ऐंशीच्या खाली सांगितलं तर म्हणायचे, "अल्बम कुठे ठेवलेत, घरात कुणाला माहीत आहे ना?"

सुनंदाबाई हे सगळं ऐकून गप्प राहिल्या. इतक्या वर्षांची सवय होती. पण एप्रिलमध्ये त्यांचा धाकटा भाऊ नंदकुमार गेला. मास्तर होता, जुनी नाणी ठेवायचा, एक छोटा डबाभर. शेवटचं दर्शन नाही, खांदा नाही. तेराव्याला वहिनीचा फोन आला. दोघी नणंद-भावजया रडत होत्या, तेवढ्यात बाबूजींनी शेजारून फोन घेतला, दोन शब्द सांत्वनाचे बोलले आणि म्हणाले, "तो नाण्यांचा डबा घासूनबिसून ठेवू नका हं. घासलं की भाव जातो."

सुनंदाबाईंनी फोन परत घेतला नाही. स्वयंपाकघरात गेल्या, भाकरी थापायला बसल्या आणि तिथूनच सांगितलं, "आजपासून तुमचं तुम्ही वाचा." बाबूजींना वाटलं, भावाचं दुःख आहे, चार दिवसांत निवळेल.

चार दिवसांत गिरधर आजारी पडला. इंदूरला नेला. त्याची मुलगी उषा, तिचा फोन आला, तेव्हा तो सुनंदाबाईंनीच उचलला. पोरीचा आवाज बसलेला. म्हणाली, "काकू, बाबा सारखे एकच म्हणताहेत. त्या पाकिटाचं दिगंबरकाकांना विचार."

बाबूजींनी फोन घेतला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं होतं, पण बाबूजी काट्यावरचे. समोरचा कापडवाला; 'विचार' म्हणतोय म्हणजे भाव लावणार, हे त्यांनी तिथल्या तिथे तोलून घेतलं. "लिलावात टाक, बेटा," ते म्हणाले. "चार लोकांसमोर व्यवहार बरा." फोन ठेवल्यावर बायकोकडे वळून त्यांनी खुलासा केला, की घरात पेशंट असला की माल निम्म्यात जातो आणि आता घेणारं उरलंय कोण. सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की डोळे चांगले असते तर माणूस चपापला असता.

रविवारी अकरा वाजता पाकिटाचा फोटो आला. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बाबूजी खाटेवर बसले. पण घेणारे उरलेले होते, चांगले पंधरा-वीस. आकडा वर चढू लागला. बाबूजी बोलून बोलून पाठवत होते, दर वेळी आवाज एक पट्टी वर. दोनदा त्यांनी हाक मारली, "अगं, काय लिहिताहेत बघ ना." आतून फक्त भाकरी थापल्याचा आवाज आला.

साडेअकराच्या सुमारास एक लांबलचक मजकूर आला. बाबूजींनी फोन नाकाला लावला, लांब धरला, खिडकीकडे नेला. काही लागेना. आणि मग त्याखाली हात आले. एकानं जोडले. लगेच दुसऱ्यानं. जळगाववाला, जो कधी हटत नाही, त्यानं जोडले. खुद्द वसंतनं जोडले. हातांची रांगच लागली, खाली खाली, पिवळीधमक. बाबूजी मोठ्यानं मोजायला लागले. सोळा, सतरा, अठरा. साऱ्या निमाड-खानदेशानं त्यांच्यासमोर हात टेकले होते.

बटण दाबून ते बोलले. आवाज कसा, जिनिंगच्या आवारात बैलगाडीवाल्याला हाक मारल्यासारखा. "सगळ्यांनी हात जोडले ना? मग पाकीट माझं. उषा बेटा, गिरधरला सांग, दिगंबरनं घेतलंच शेवटी. म्हणावं, आता उडव नाणं."

"सुनंदा," त्यांनी हाक मारली, "अठरा जण पळाले."

बाई पीठ लागल्या हातानं बाहेर आल्या. फोन घेतला, वर सरकवला आणि तो लांब मजकूर वाचला. उषानं लिहिलं होतं, बाबा दहा मिनिटांपूर्वी गेले, लिलाव थांबवावा. बाईंनी तो नवऱ्याला वाचून दाखवला. एकदाच, सावकाश, बातम्या द्याव्यात तसा. मग म्हणाल्या, "हात त्याला जोडलेत. तुम्हाला नाही."

बाबूजींनी विचारलं, पाठवलेला आवाज परत घेता येतो का. येत असेलही. बाईंना ती विद्या ठाऊक नव्हती, आणि असती तरी हाताला पीठ होतं. दुपारपर्यंत ते बोलणं शनवाऱ्यात पोचलं, संध्याकाळी बहादरपुरात. केळीवाला कौतिक गाडीवर फोन ठेवून ते वाजवायचा; "आता उडव नाणं" ऐकलं की गिऱ्हाईक थांबायचं. माणसं रोज मरत होती आणि लोकांना हसायला काहीतरी पाहिजे होतं. बाबूजी ग्रुपमधून निघाले की काढले गेले, यावर अजून दोन मतं आहेत.

मे सरता सरता उषा आली. आत आली नाही. फाटकाच्या कडीला एक प्लास्टिकची पिशवी अडकवली आणि सुनंदाबाईंना लांबूनच म्हणाली, "पैसे घ्यायचे नाहीत, हे बाबांनी अगदी शेवटी सांगितलं, काकू. 'विचार' म्हणायचे त्याचा अर्थ तोच. नुसतं द्यायचं होतं." आणि गेली.

पाकीट आलं म्हटल्यावर बाबूजी महिन्याभरात पहिल्यांदा खाटेवरून उठले. त्यांनी पाकीट बोटांनी चाचपलं, दोन्ही तिकिटं जागेवर, कोपरे धड. उलटं केलं, उजेडात धरलं. "मागे काहीतरी काळपट आहे. पेन्सिल आहे का? काय लिहिलंय?"

बाईंनी पाहिलं. पेन्सिलचंच होतं, मोडक्या अक्षरात, आजारी माणसाच्या हातचं. "पाकीट दिगूचं. नाणं मी उलटं केलं होतं. गिरधर."

ज्या एका ओळीसाठी या माणसानं सदतीस वर्षं गल्लीचे कान खाल्ले, ती बाईंच्या हातात होती. त्यांना नंदकुमारचा नाण्यांचा डबा आठवला. त्यांनी पाकीट परत दिलं आणि म्हणाल्या, "भाव लिहिलाय कुणीतरी."

"गाढव लोक," बाबूजी म्हणाले. पेन्सिलचा भाव पाकिटावर ठेवणं म्हणजे त्यांच्या शास्त्रात पाप. त्यांनी ड्रॉवरमधलं मऊ रबर काढलं आणि पाकीट पाटीवर ठेवून, कागद न दुखावता, गोल गोल, अगदी हलक्या हातानं, ज्या कलेचा त्यांना अभिमान होता त्या कलेनं ती ओळ पुसली. मधे मधे फुंकर मारत होते. "गेलं का?"

"थोडं राहिलंय," बाई म्हणाल्या. "डाव्या बाजूला."

त्यांनी डावी बाजूही पुसली.

सुनंदाबाईंनी ही गोष्ट गल्लीत एकाच घरी सांगितली. लोधीपुऱ्यात एक घर पुरतं. दिवाळीनंतर बाबूजींचे मोतीबिंदू निघाले, आता त्यांना मुंगीचे पाय दिसतात. कुणी घरी आलं की ते अकरावा अल्बम काढतात, भरलेला चौकोन दाखवतात आणि सांगतात, की गिरधरनं नाणं उलटं केलं होतं, पण शेवटपर्यंत कबूल केलं नाही गड्यानं. येणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. तो चहात बघतो.

मग बाबूजी पाकीट उलटं करून भिंग लावतात. एका जागी कागद जरा खरबरीत झालाय, त्यावर बोट फिरवतात. "इथे काय होतं गं तेव्हा?"

"भाव," सुनंदाबाई म्हणतात, आणि कप उचलतात.